घर विकायला काढताना: आधी ओल, मग कागद, रंग शेवटी

प्रश्न : लातूरला आमचं स्वतःचं घर आहे. १९९६ साली बांधलेलं, चार खोल्या, वर मोकळा स्लॅब, मागे एक पत्र्याची खोली. दोन वर्षांपूर्वी मिस्टर गेले. मुलगा पुण्यात, मुलगी नांदेडला. आता मी मुलाकडे राहायला जाणार म्हणून घर विकायचं ठरलंय. नाताळच्या सुटीत मुलगा-सून दहा दिवस येणार आहेत, येळवसही (मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण) त्याच सुमारास आहे, तेव्हाच गिऱ्हाइकांना घर दाखवावं असं वाटतं. बाथरूमच्या मागच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल आहे, पोपडे निघालेत. रंगारी म्हणतो, पुट्टी मारून सगळं घर आतून-बाहेरून रंगवून देतो, नव्वद हजार द्या. करावं का? कागदपत्रं अजून मिस्टरांच्याच नावावर आहेत. पौषात असा व्यवहार करतात का? आणि दारातलं तुळशीवृंदावन त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं आहे, ते सोडून जायचं जिवावर येतंय.
— एक वाचक, लातूर

ताई, रंगाऱ्याला तूर्त थांबायला सांगा. ओल्या भिंतीवर चढवलेली पुट्टी फार काळ तग धरत नाही. आतलं पाणी बाहेर येताना विटांमधले आणि गिलाव्यातले क्षार सोबत आणतं. पाणी उडून जातं, क्षार मात्र रंगाखाली साठतात, फुगतात आणि पोपडा बाहेर ढकलतात. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच. घर बघायला येणारा माणूस सोबत एखादा मिस्त्री नाहीतर जाणता मेव्हणा घेऊन येतो, आणि तो मेव्हणा ताज्या रंगाच्या भिंतीला सगळ्यात आधी हात लावतो. हात ओलसर लागला की पुढच्या सगळ्या खोल्या तो संशयानं बघतो.

कायद्याची बाजूही आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक असतं. पुट्टीखाली झाकलेली ओल नेमकी त्यात बसते.

तुमचं पत्र नोव्हेंबरच्या मध्याला आलंय, म्हणजे नाताळला पाच-सहा आठवडे आहेत. ओल बरी करायला एवढा वेळ पुरतो, पण काम आजपासून सुरू केलं तरच.

आधी पाणी कुठून येतंय ते ठरवा. ओलीची वरची कड पेन्सिलीनं भिंतीवर आखा आणि शेजारी तारीख लिहा. मग तीन दिवस ते बाथरूम पूर्ण बंद ठेवा, अंघोळ दुसरीकडे करा. कड फिकी पडून खाली सरकू लागली तर दोष बाथरूमचाच. तो सांडपाण्याचा आहे की नळाच्या लाइनीचा, हे ओळखायची सोपी खूण अशी: सांडपाण्याची गळती अंघोळीनंतर वाढते आणि रात्री थांबते, कारण पाणी सांडतं तेव्हाच ती होते. लाइनीत मात्र दाब कायम असतो, म्हणून तिथली ओल दिवसरात्र सारखीच राहते. लाइनीची खात्री करायची तर रात्री सगळे नळ बंद करून वरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी खडूनं आखून ठेवा आणि सकाळी बघा. पातळी उतरली असेल आणि फ्लशची टाकी गळत नसेल तर पाइप फोडून बघावाच लागेल. फ्लश तपासायला त्याच्या टाकीत चमचाभर खाण्याचा रंग टाका. वीस मिनिटांत फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी वॉशर गेलाय.

तीन दिवस बंद ठेवूनही कड जागची हलली नाही आणि लाइनही ठीक निघाली, तर बाहेरून बघा. भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा केलाय का, किंवा मागच्या बोळात कोबा करताना तो जोत्याच्या वर चढवलाय का? आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि भिंतीला पाजत राहते. मातीची पातळी जोत्यापेक्षा निदान सहा इंच खाली हवी आणि बोळाचा उतार घरापासून लांब, दर चार फुटाला इंचभर तरी हवा. वाफा असेल तर तो हलवणं हाच उपाय. त्याला फारसे पैसे लागत नाहीत, एका गड्याची एका दिवसाची मजुरी पुरते.

तुमच्या वर्णनावरून दोष बहुधा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या सांध्यात असावा. पंचवीस-तीस वर्षांच्या बाथरूममध्ये तो सांधा सैल होतोच. त्यासाठी सगळं बाथरूम फोडून नव्या टाइल्स बसवू नका, तो खर्च भावात वसूल होत नाही. ट्रॅपभोवतीचा दीड फुटाचा चौकोन फोडायचा, नवा पीव्हीसी ट्रॅप बसवायचा, त्या उघड्या जागेवर पॉलिमर-सिमेंटचे दोन हात द्यायचे, पहिला आडवा आणि दुसरा उभा. शेजारी भिंत येत असेल तर हे हात तिच्यावर फूटभर वर न्यायचे. वाळल्यावर ट्रॅपच्या तोंडात बोळा कोंबून दोन इंच पाणी २४ तास साठवा. पाणी उतरलं नाही तरच टाइल लावायची आणि सांधे इपॉक्सी ग्राउटनं भरायचे. हे पाणी साठवणं मिस्त्री टाळतात, कारण त्यात त्यांचा एक दिवस जातो. तुम्ही समोर उभं राहून करून घ्या.

आता भिंत. जिथवर ओल दिसते त्याच्या फूटभर वरपर्यंत गिलावा पूर्ण काढायचा आणि विटांच्या दरजा अर्धा इंच खोल खरवडायच्या. भिंत आठ-दहा दिवस उघडीच राहू द्या. नोव्हेंबर-डिसेंबरची कोरडी हवा या कामाला वर्षातली सगळ्यात चांगली असते. रोज वर येणारे पांढरे क्षार कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत गोळा करून बाहेर टाका. पाण्यानं धुऊ नका, धुतलं की तेच क्षार विरघळून परत आत जातात. मग सिमेंटला चारपट वाळू घेऊन गिलावा करायचा, पन्नास किलोच्या गोणीला २०० मिली वॉटरप्रूफिंगचं द्रव घालून.

इथे लातुरात हमखास होणारी एक चूक सांगतो: मिस्त्री हाताशी असलेलं बोअरचं पाणी वापरतो. बोअरचं पाणी जड, खारं असेल तर नव्या गिलाव्यात तुम्ही स्वतःच पुन्हा लोणा कालवता. त्या दिवसापुरतं मांजऱ्याचं, म्हणजे नळाचं पाणी दोन पिंपं भरून ठेवा. गिलाव्यावर सात दिवस दिवसातून तीनदा पाणी मारा, तेही नळाचंच.

हिशेब केला तर गिलावा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतो, आणि नव्या गिलाव्याला रंगाआधी निदान चार आठवडे वाळावं लागतं. म्हणजे नाताळपर्यंत ती भिंत रंगवता येणार नाही. राहू द्या तशी. ती कोऱ्या गिलाव्याचीच ठेवा, फार तर चुन्याचा एक हात द्या, कारण चुन्यातून भिंतीची वाफ बाहेर पडू शकते. आधीच्या ओलीचे, फोडलेल्या ट्रॅपचे आणि उघड्या विटांचे फोटो तारखेसह मोबाइलमध्ये ठेवा, मिस्त्रीची पावती फाइलला लावा. "इथे ओल होती, ट्रॅप बदलला, हे फोटो" असं तुम्ही स्वतःहून सांगितलं की तो मेव्हणा बाकीच्या घराबद्दलही तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. कोरी भिंत तुमचं नुकसान करणार नाही.

स्लॅब तपासायचा राहू देऊ नका. पावसाळ्यात छताला डाग पडले होते का, एवढं आठवा. डाग असतील तर त्या खोलीच्या वर मातीचा किंवा कच्च्या सिमेंटचा छोटा बांध घालून शंभर चौरस फुटांत चार सेंटिमीटर पाणी दोन दिवस धरा. त्याला साधारण ३७० लिटर लागतात, म्हणजे दोन पिंपांचं काम. अख्ख्या स्लॅबवर पाणी सोडायची गरज नाही. गळती बहुतेक वेळा कठड्याच्या आणि स्लॅबच्या कोपऱ्यात, वाटा (त्या कोपऱ्यात भरलेला सिमेंटचा गोलसर उतार) जिथे फुटलाय तिथे, नाहीतर पन्हाळीच्या तोंडाशी असते. वाटा नव्यानं करून त्यावर जाळी लावून कोटिंगचे दोन हात दिले की पुरतं. डिसेंबरात पहाटे दव पडतं, म्हणून कोटिंग सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर मारू देऊ नका. ओलसर कोब्यावर मारलेलं कोटिंग पुढच्या उन्हाळ्यात पापुद्र्यासारखं निघतं.

भेगांविषयी तुम्ही लिहिलं नाही, पण गिऱ्हाईक विचारणारच. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि आता वाळताना आकसते, त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या जाणाऱ्या भेगा याच दिवसांत उघडतात. भेग भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसते का ते बघा. एकाच बाजूला, केसाएवढी असेल तर ती गिलाव्याची आहे, अ‍ॅक्रिलिक फिलर पुरतं. दोन्ही बाजूंनी दिसत असेल तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा आणि तारीख लिहा. महिनाभरात पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय. ती व्हाइट सिमेंटनं बुजवू नका, व्हाइट सिमेंट कडक असतं आणि शेजारी दुसरी भेग पडते. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून त्याचं लेखी मत घ्या.

लातूर-धाराशिवकडे या प्रश्नामागे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट असते. किल्लारीच्या भूकंपानंतर इथला प्रत्येक जण घर बघताना विचारतो, "कॉलमचं आहे की लोड बेअरिंगचं?" म्हणजे काँक्रीटच्या खांबांवर उभं आहे की नुसत्या भिंतींवर. तुमचं घर त्यानंतर तीन वर्षांनी बांधलंय, त्यामुळे त्यात जोत्याला, लिंटेलला आणि स्लॅबखाली काँक्रीटची पट्टी असण्याची शक्यता बरीच आहे. बांधकामाचा नकाशा काढून खात्री करा आणि जे आहे तेच सांगा.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो घर बघणाऱ्या बाया विचारतात: नळाला पाणी किती दिवसांआड येतं, बोअर उन्हाळ्यात चालतं का? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या शहरात हा प्रश्न कुणी वरवर विचारत नाही. डिसेंबरात बोअर भरलेलं असतं, त्यामुळे नळ सोडून दाखवला तर कुणाचं समाधान होणार नाही. मोटर चालू करून दोनशे लिटरचं पिंप किती मिनिटांत भरतं ते मोजून लिहा, आणि शेजारी मे महिन्यात मोटर किती वेळ चालते तेही लिहा. बोअर किती फूट, केसिंग किती, मोटर किती एचपीची आणि कधी बदलली हे एका कागदावर असू द्या. पाण्याची तपासणी करून घ्या, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ती होते. अहवाल वाचायला भारतीय मानकाचे आकडे माहीत असू द्या: विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरं पाणी नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, फ्लोराइड १ पर्यंत उत्तम, १.५ च्या वर नको. नायट्रेट ४५ च्या वर नको. पाणी जड निघालं तर "धुण्या-भांड्याला वापरतो, प्यायला नळाचं" एवढं स्पष्ट सांगा. जिन्याखाली आणि बोळात मांडलेली जास्तीची पिंपं मात्र कमी करा. चालायला वाट मोकळी होते, आणि आठ पिंपांची रांग बघून माणूस पाणीटंचाईचा अंदाज आहे त्याच्या दुप्पट लावतो.

बोअरच्या पाण्यानं नळांवर आणि टाइल्सवर पांढरे थर बसले असतील. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून फडकं भिजवा, नळाला अर्धा तास गुंडाळा आणि पुसून घ्या. फरशीवर मात्र कसलंही अ‍ॅसिड नको. शहाबादी आणि स्वयंपाकघरातला कडप्पा, दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. संडास साफ करायचं अ‍ॅसिड पडलं की दगड खातो, वरचा गुळगुळीतपणा जाऊन पांढरट चट्टे पडतात आणि ते घासूनही जात नाहीत. साध्या साबणाच्या पाण्यानं धुवा, कडप्प्याला खोबरेल तेलाचा पुसट हात द्या. खोल्यांत मोझॅक असेल आणि मळलेली दिसत असेल तर मशीनचं पॉलिश करून घ्यायला हरकत नाही. चिखलासारखं पाणी उडतं, म्हणून ते रंगाआधी.

रंग आतून फक्त पुढच्या खोलीला आणि स्वयंपाकघराला द्या. घेणारा गृहप्रवेशाआधी त्याच्या पसंतीचा रंग देणारच असतो, तुमचे नव्वद हजार तो भावात मोजणार नाही. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली छतासकट साधारण पाचशे चौरस फूट भरते. लिटरला दोन हातांत शंभर-सव्वाशे चौरस फूट धरले तर एका खोलीला चार ते पाच लिटर रंग लागतो. रंगारी त्यापेक्षा बराच जास्त सांगत असेल तर हिशेब विचारा. मळकट पांढरा किंवा फिका बदामी घ्या, थंडीत लवकर अंधारतं आणि उजळ भिंत कामाला येते. घर दाखवायच्या आठ दिवस आधी हे काम संपवा, वास जायला तेवढे दिवस लागतात. बाहेरच्या भिंती धुऊन घ्या. लोखंडी गेट मात्र घासून, रेड ऑक्साइड प्रायमर मारून ऑइलपेंट करा, कारण माणूस पहिल्यांदा थांबतो तो गेटाशी. पावसाळ्यात अडकणारी दारं आता आकसून सैल झाली असतील, त्यांना रंधा मारू नका. बिजागरीचे स्क्रू आवळा, तेल द्या.

विजेचं थोडक्यात. गिझरच्या आणि मोटरच्या सॉकेटवर काळे डाग असतील तर ते सॉकेट बदला. मेन बोर्डात ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या आणि अर्थिंग तपासा. महावितरणचं बिल थकलेलं नको.

सामानाचं बोलू. घर पुष्कळ वर्षांचं आहे, कोठ्या, ट्रंका, गोधड्यांचे गठ्ठे, मुलांची जुनी पुस्तकं असणारच. पुण्याला जे न्यायचं ते आत्तापासून बांधून एका खोलीत रचा, बाकी तीन खोल्या मोकळ्या दिसू द्या. ज्वारीच्या कोठ्या रिकाम्या करून हलवा आणि त्यांच्यामागची भिंत, चौकटीचा तळ वाळवीसाठी बघा. मातीची बारीक नळी दिसली तर ती नुसती झाडून टाकू नका. फरशी आणि भिंतीच्या सांध्यात फुटाफुटावर भोकं पाडून औषध सोडणाऱ्याला बोलवा आणि त्याच्याकडून हमीपत्र घ्या. आणखी एक, ताई, हे लिहिताना आम्हालाही जड जातंय: समोरच्या खोलीत मिस्टरांचा हार घातलेला फोटो असेल तर माणसं यायच्या वेळेपुरता तो आतल्या खोलीत, देवाशेजारी ठेवा. येणारे अवघडतात, नीट बघत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत. ते गेले की पुन्हा जागेवर लावा.

घर दाखवायची वेळ अकरा ते चार. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, दुपारीही तो लातूरच्या आकाशात अर्ध्या उंचीच्या थोडासाच वर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन पार आत येतं. उत्तरेच्या खोल्या अंधारतात, तिथले दिवे आधीच लावून ठेवा. सहाला अंधार पडतो, म्हणून ऑफिस सुटल्यावर येतो म्हणणाऱ्यांना रविवार द्या. थंडी म्हणून रात्रभर खिडक्या बंद असतात, सकाळी दहाला सगळ्या उघडा.

आता कागद, आणि मुलगा-सून येणार ते दहा दिवस खरे यासाठी आहेत. घर मिस्टरांच्या स्वकष्टाचं आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं तुम्ही, मुलगा आणि मुलगी, तिघांचा सारखा हिस्सा आहे. मिस्टरांच्या आई हयात असतील तर त्यांचाही तेवढाच. तुमच्या एकटीच्या सहीनं घर विकलं जाणार नाही, मुलगा म्हणाला तरी नाही. उद्याच नगर भूमापन कार्यालयात मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि आधार जोडून मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) वारस नोंदीचा अर्ज द्या. नोटिशीची मुदत असते, म्हणून महिना धरा. तीच नोंद महानगरपालिकेत मालमत्ता कराला करा आणि बेबाकी (थकबाकी नसल्याचा दाखला) घ्या.

मुलीकडून हक्कसोडपत्र घ्यायची घाई अनेक घरांत होते. इथे त्याची गरज नाही. घर विकूनच टाकायचंय, तर तिघांनी खरेदीखतावर विकणारे म्हणून सह्या कराव्यात आणि पैसे तिघांच्या खात्यांत हिश्शाप्रमाणे जावेत. ती पुढे आईला किंवा भावाला काही देणार असेल तर तो तिचा निर्णय. नांदेडहून पुन्हा येणं तिला जमणार नसेल तर सुटीत तिला बोलवा आणि तिचं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र तुमच्या किंवा भावाच्या नावे करून घ्या, फक्त या एका मिळकतीपुरतं, कमीत कमी किंमत आत लिहून. मुलाचंही तसंच तुमच्या नावे. म्हणजे फेब्रुवारीत गिऱ्हाईक तयार झालं तर दोघांना धावत यावं लागणार नाही. दुय्यम निबंधक कार्यालय २५ डिसेंबरला बंद असतं, त्याआधीची किंवा नंतरची कामकाजाची तारीख धरा.

फाइलमध्ये हे असू द्या: मिस्टरांचं खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू), अकृषिक (एनए) आदेश, मंजूर रेखांकन, बांधकाम परवाना नकाशासह, भोगवटा प्रमाणपत्र, ताजी मिळकत पत्रिका, गृहकर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि तिच्याकडून परत आलेले मूळ कागद. १९९६ चा परवाना तेव्हाच्या नगर परिषदेचा असेल. महानगरपालिका २०११ ची, जुन्या नस्तीतून परवान्याची नक्कल मागा. प्लॉट गुंठेवारीतला (मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेला) असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का ते आधी बघा. नसेल तर बँक कर्ज देत नाही आणि फक्त रोखीची गिऱ्हाइकं उरतात, तीही भाव पाडून. मागची पत्र्याची खोली मंजूर नकाशात नसेल तर तिला "पाचवी खोली" म्हणू नका. बँकेचा मूल्यमापक ती धरणार नाही आणि ठरलेला सौदा तिथे अडतो.

भावाचं: दलालाच्या तोंडी भावावर जाऊ नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर तुमच्याच वसाहतीतले वर्षभरातले दोन-तीन व्यवहार काढा आणि शेजारी वार्षिक मूल्यदर तक्त्याचा (रेडी रेकनरचा) भाव लिहा. दलाली किती आणि कधी द्यायची हे आधी कागदावर घ्या.

पौषात व्यवहाराला कायद्याची कसलीही आडकाठी नाही, पण आपल्याकडची माणसं बघायला येतात आणि इसार संक्रांतीनंतर देतात. धनुर्मास डिसेंबरच्या मध्याला लागतो आणि येळवस झाली की दुसऱ्या दिवसापासून पौष. म्हणून या दिवसांत "बघितलं, पण बोलले नाहीत" याचा अर्थ नकार धरून भाव खाली आणू नका. येळवसेच्या दिवशी तर कुणालाच वेळ देऊ नका, सगळं लातूर शेतात भज्जी-आंबिलीला गेलेलं असतं आणि मिस्त्री-रंगारीही मिळत नाहीत. त्याच्या आदल्या आणि नंतरच्या दोन दिवसांत मात्र पुण्या-मुंबईहून आलेली माणसं गावात असतात. आई-वडिलांसाठी गावाकडे घर शोधणारे त्यांतच असतात. जाहिरात आणि फोटो त्याआधी आठवडाभर फिरू द्या. बोलणी संक्रांतीला पक्की झाली तर मार्चअखेर नोंदणी होऊ शकते. मूल्यदर तक्ता एप्रिलपासून बदलू शकतो, त्यामुळे घेणाऱ्यालाही मार्च सोयीचा वाटतो. पाडव्याला ताबा हवा असं कुणी म्हणालं तर चालेल, पण पूर्ण रक्कम खात्यात आल्यावर आणि खरेदीखत नोंदल्यावरच. त्याआधी किल्ली देऊ नका, "फक्त सामान ठेवतो" म्हणाले तरी नाही.

इसार चेकनं किंवा बँकेतूनच घ्या. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात निषिद्ध आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच होऊ शकतो. इसारपावतीत शिल्लक रक्कम कोणत्या तारखेपर्यंत आणि ती चुकली तर इसाराचं काय, हे लिहा. काय घरासोबत राहणार तेही लिहा: बोअरची मोटर, स्टार्टर, गिझर, पंखे, टाकी. सौदे याच बारीक गोष्टींवरून ताबा देताना कडू होतात. भांडवली नफ्याचा हिशेब तिघांचा वेगवेगळा होईल. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत दुसरं घर घेतलं तर करातून सूट मिळते, तेव्हा पुण्यात फ्लॅट घ्यायचा असल्यास तो कुणाच्या नावे घ्यायचा हे विक्रीआधीच सीएला विचारा.

राहिलं वृंदावन. बांधलेलं वृंदावन घरासोबत जातं, ते उपटून नेताना तुटतं. त्यावर काही कोरलेलं किंवा नावाची फरशी बसवलेली असेल तर तेवढी मिस्त्रीकडून हळूच काढून घ्या आणि तिथे साधी फरशी बसवा, हे दाखवायला सुरुवात करण्याआधी. तुळस बरोबर नेता येते, फक्त थंडीत रोप उपटू नका, मुळं धरत नाहीत. आत्ता मंजिऱ्या वाळल्या असतील. त्या तळहातावर चोळा, मोहरीहून बारीक काळं-तपकिरी बी पडेल, ते कागदाच्या पुडीत कोरडं ठेवा. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊब आली की पुण्यात कुंडीत बी टाका, वरून मातीचा नुसता पातळ थर द्या आणि माती ओलसर ठेवा. आठ-पंधरा दिवसांत उगवेल. कुंडीत भरायला वृंदावनातलीच घमेलंभर माती नेली तरी चालेल, नव्या घरमालकाला तेवढं सांगून न्या.